प्रोसेसरवरचे कै. वसंतराव

शामराव परत आले ते एका चाकाशिवाय. त्यांना घेऊन आलेला माणूस म्हणाला, "चाक घरी राहिलंय, उद्या आणून देतो," आणि नलूताईंनी शामरावांना भिंतीला टेकवून ठेवलं.

परळच्या त्या रुग्णसाहित्य केंद्रात नवीन माणूस आला की सुरुवातीला त्याला वाटायचं, आपण भुताटकीच्या ऑफिसात आलोय. हॉस्पिटलांच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्यांचा कारभार. पेशंटच्या घरच्यांनी इथून व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, कमोडची खुर्ची असं सामान न्यायचं आणि गरज सरली की परत आणून द्यायचं. सगळं सामान देणगीतून आलेलं. आणि आपल्याकडे देणगी म्हटली की नाव आलंच. 'कै. शामराव विठोबा मयेकर यांच्या स्मरणार्थ', व्हीलचेअरच्या पाठीवर, पांढऱ्या ऑइलपेंटने. सामानाला नंबरही दिले होते, पण नंबर पुसले जायचे आणि नावं टिकायची. शेवटी बोलण्यात नावंच राहिली.

"सुभद्राबाई कुठायत?"

"शीवला. पेशंट अजून चालायला लागला नाही."

"आणि शांताबाई?"

"पंक्चर."

शांताबाई ही हवेची गादी होती. कमोडच्या खुर्चीवर एका शाळेच्या मुख्याध्यापकांचं नाव होतं. त्यांच्याविषयी बोलताना मात्र सगळे जरा गंभीर होत.

नील खामकर लालबागचा. बी.कॉम. झाल्यावर, खरी नोकरी मिळेपर्यंत म्हणून इथे चिकटला तो चिकटलाच. एकदा केंद्राचा प्रिंटर चालत नव्हता, तेव्हा नीलने त्याची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली होती. त्या दिवसापासून त्याला कम्प्युटरमधलं कळतं हे सर्वानुमते ठरलं. नीलने त्याला हरकत घेतली नाही. लोक आपण होऊन हुशार म्हणत असले तर मध्ये कशाला बोला, असा त्याचा स्वभाव. बोलायचं ते तो विनोद करण्यासाठी राखून ठेवायचा.

कम्प्युटरवर बसायच्या मात्र नलूताई घाडी. केंद्र उघडलं तेव्हापासून त्या तिथे होत्या. खुर्चीवर त्यांची स्वतःची छोटी उशी असायची, घरून शिवून आणलेली. सकाळी त्या बटण दाबत, मग देवाला उदबत्ती लावत, माठ भरत, दारातल्या तुळशीला पाणी घालत, शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करत, आणि येऊन बघत तो पडद्यावर अजून वेलकमच चाललेलं. समोर पेशंटचे लोक ताटकळत उभे. एकदा एका माणसाने वॉकर न्यायला येऊन एवढी वाट पाहिली की शेवटी त्यालाच तो धरून उभं राहावं लागलं.

"नलूताई, काम फार हळू होतंय," सेक्रेटरी रेगेसाहेब म्हणाले. गंगाधर रेगे हे इन्शुरन्समधून रिटायर झालेले, शिवाजी पार्कला राहणारे, सकाळी तिथेच फेऱ्या मारणारे गृहस्थ.

"काम नाही हळू साहेब. हा डबा हळू आहे."

"बघू. डबा सुधारून घेऊ. मग कळेलच काय हळू आहे ते."

हे ते चिडून बोलले नव्हते, म्हणूनच नलूताईंना लागलं. रेगेसाहेबांबरोबर पार्कात फेऱ्या मारणाऱ्या एका मित्राची सलोनी नावाची नात होती. ती फार फास्ट टाइप करते, असं ते अधूनमधून कोणी विचारलं नसताना सांगायचे.

"पूर्ण नवा घ्यायला नको," नील म्हणाला. "आतल्या दोनच गोष्टी बदलू. हार्ड डिस्क जुनी झालीय, करकर करते. तिच्या जागी एसएसडी टाकू. आणि प्रोसेसर. ह्याच बोर्डावर बसणारा, जरा वरचा, लॅमिंग्टन रोडला जुना मिळतो."

"प्रोसेसर म्हणजे?"

"मेंदू, साहेब. कम्प्युटरचा."

देणगीदार मिळाल्या शीवच्या पद्मजाबाई कर्णिक. त्यांचे यजमान वसंतराव मागच्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने केंद्राला काही द्यायचं पद्मजाबाईंच्या मनात कधीचं होतं, पण काय ते ठरत नव्हतं. व्हीलचेअर नको, ह्यांना कोणी आपल्यावर बसलेलं चालायचं नाही. पंखा नको, हे काही गरगर फिरणारे नव्हते. वॉकर त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. कम्प्युटरच्या मेंदूचं ऐकल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "हे चालेल. हे आवडलं असतं त्यांना."

शनिवारी नीलने टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ होतीच. शिवाय दर दसऱ्याला वरून वाहिलेल्या झेंडूच्या पाकळ्या फटींमधून आत जाऊन वाळल्या होत्या, आणि बोर्डाच्या एका कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं होतं. एकूण यंत्राची श्रद्धा दांडगी होती, वेगच तेवढा नव्हता. नीलने रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं. जुन्या डिस्कवरचं सारं नव्या एसएसडीवर त्याने आदल्या दिवशीच उतरवून घेतलं होतं. ती बसवली. पंखा काढला, जुन्या प्रोसेसरवरचं वाळून खडू झालेलं मलम पुसलं, बारीक दांडी उचलली, जुना काढला, नवा ठेवला, दांडी खाली केली. हे सगळं करताना आपले हात थरथरले नाहीत, हे त्याचं त्यालाच फार आवडलं.

पद्मजाबाई समोरच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून एक पाकीट काढलं. त्यात लाल रेडियमचा स्टिकर, त्यावर चंदेरी अक्षरं: 'कै. वसंत त्र्यंबक कर्णिक'. मोटरसायकलच्या नंबरप्लेटी करणाऱ्याकडून बनवून घेतलेला.

"हे कुठे लावणार?"

"बाहेर, काकू. डब्याच्या दर्शनी भागावर. येणारा-जाणारा वाचेल."

"डबा नवीन आहे?"

"नाही, डबा जुनाच."

"मग जुन्या डब्यावर ह्यांचं नाव कशाला? मी दिलंय ते कुठाय?"

नीलने एसएसडी दाखवली. "ह्यावर लावू या. ह्यात सगळं साठवून ठेवतात."

"साठवून ठेवायचं काम माझं होतं. ह्यांचं डोकं चालायचं. तो मेंदू म्हणालास तो कुठला?"

नीलने बोट दाखवलं. बिस्किटाएवढा चौकोन, वर धातूची टोपी.

"मग लाव की त्याच्यावर."

आता, नीलला माहीत होतं. ज्याच्या व्हिडिओवरून तो हे सगळं शिकला होता तो माणूस पुन्हा पुन्हा ओरडून सांगत होता की टोपीवर मलम, मलमावर पंखा, आणि मध्ये कागदाचा कपटासुद्धा नको. टोपी तापते, ती उष्णता पंख्याकडे गेली नाही तर यंत्र जीव वाचवायला आपणच बंद पडतं. 'काकू, इथे नाही लावता येत,' एवढंच म्हणायचं होतं. पण पद्मजाबाईंनी चष्मा काढून डोळे टिपले होते. रेगेसाहेब नारळ घेऊन तयार होते. नलूताईंनी निरांजन लावलं होतं. सगळे नीलकडे असे बघत होते, जसे ऑपरेशन थिएटरबाहेर सर्जनकडे बघतात. आणि सर्जनला 'मला वाटतं, नको' म्हणताना नीलने कधी पाहिलं नव्हतं.

पातळ तर आहे, तो मनाशी म्हणाला. त्याने स्टिकर कापून बेताचा केला, टोपीवर चिकटवला आणि मोबाइलच्या स्क्रीनगार्डखालचे फुगे काढतात तसे नखाने फुगेही काढले. वर मलम लावलं. वर पंखा बसवला. वसंतराव दिसेनासे झाले. पद्मजाबाईंनी हात जोडले. रेगेसाहेब तिथेच नारळ फोडणार होते, तो नीलने त्यांना बोर्डापासून लांब, दाराबाहेर फोडायला लावला. तेवढी तांत्रिक काळजी त्याने घेतली.

कम्प्युटर सुरू झाला तो नलूताईंची उदबत्तीची काडी पेटायच्या आत. टाळ्या झाल्या. केंद्राच्या कपाटात अचानक लागणाऱ्या सत्कारांसाठी एक शाल कायम असायची, ती बाहेर आली. रेगेसाहेब तरुण पिढीबद्दल बोलले. नलूताईंनी टाळ्या सगळ्यांत शेवटपर्यंत वाजवल्या. "आता बघते कोण हळू म्हणतंय," त्या म्हणाल्या आणि आपली उशी झटकून बसल्या.

सोमवारी दुपारी, एका बाईकडून सुभद्राबाई परत घेत असताना, पडदा काळा झाला.

"अगं बाई!"

"काय दाबलंत, नलूताई?" आतून रेगेसाहेबांचा आवाज आला.

"काही नाही हो! नाव टाइप करत होते."

"शनिवारी नीलने चालवला तेव्हा तर झकास होता."

सगळ्यांनी नीलकडे पाहिलं. नीलने कम्प्युटरकडे पाहिलं. तव्यावर कोणी प्लास्टिकची पिशवी विसरावी तसा एक बारीक वास येत होता. नीलला त्याच क्षणी कळलं.

"इस्त्रीवाल्याकडचा असेल," तो म्हणाला. वासाबद्दल त्याला कोणीही विचारलं नव्हतं.

मग ते रोजचं झालं. सकाळी कम्प्युटर तरतरीत असायचा. गर्दी वाढली, नलूताईंनी चार गोष्टी एकदम उघडल्या, प्रिंट काढायला घेतली की गप्प. पुन्हा लावला की पुन्हा थोडा वेळ चालायचा. नील बसला की मात्र चालायचा, कारण काय करायचं नाही हे नीलला ठाऊक होतं. तो एकच खिडकी उघडायचा आणि तीही भीत भीत. बघणाऱ्याला दिसायचं ते इतकंच की नील बसला की चालतो, नलूताई बसल्या की पडतो.

एक दिवस नीलने केंद्राचा टेबलफॅन आणून डब्याकडे तोंड करून ठेवला. त्यावर 'कै. जाईबाई' असं लिहिलेलं होतं. म्हणजे आता जाईबाई वसंतरावांना वारा घालत होत्या. पद्मजाबाईंना हे कळवण्यात अर्थ नव्हता.

फॅनचा थोडा उपयोग झाला, पण थोडाच. त्या संध्याकाळी शांताबाईंना हवा भरता भरता वातावरण जरा हलकं करावं म्हणून नील म्हणाला, "नलूताई, तुमची काही चूक नाही. तो लाजतो तुम्हाला. बाईमाणूस समोर बसलं की मान खाली."

सगळे हसले. नलूताईही हसल्या. नीलला बरं वाटलं. काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने दारातून विचारलं, "लाजला का हो आज?" मग इस्त्रीवाल्याने विचारलं. मग एका पेशंटच्या जावयाने विचारलं, जो आयुष्यात दुसऱ्यांदाच तिथे आला होता. प्रत्येक वेळी नलूताई थोडं कमी हसल्या.

आणि एकदा चहाच्या वेळी, कोणी नाही असं बघून, त्या नीलजवळ आल्या.

"नील, खरं सांग रे. माझं काय चुकतंय?"

हीच वेळ होती. समोर नलूताई, हातात कप, डोळे लहान पोरीसारखे. आत्ता नाही तर कधी. नीलने तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं:

"चुकत नाही हो ताई. स्टॅटिक असतं. अंगातली वीज. काही माणसांच्या अंगात जास्त असते. बांगड्या-बिंगड्यांनी पण होतं कधी कधी."

"बांगड्यांनी?"

"म्हणजे... असतं तसं."

काचेतून वीज जात नाही, हे त्याला दहावीत शिकवलं होतं. त्या प्रश्नाला त्याला पूर्ण मार्क होते.

दुसऱ्या दिवशी नलूताई आल्या त्या मोकळ्या हातांनी.

हिरव्या काचेच्या बांगड्या नसलेले त्यांचे हात नीलने कधी पाहिलेच नव्हते. मनगटांवर फिकट पट्टे उमटले होते. त्यांनी पदर पुढे ओढून घेतला होता, पण टाइप करायला हात बाहेर काढावेच लागतात. पहिल्यांदा आलेली एक बाई व्हीलचेअर मागता मागता त्या हातांकडे बघून थबकली. मग तिने नलूताईंच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं, पुन्हा हात पाहिले, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "असू दे, सावकाश करा ताई," ती म्हणाली. "कधी झालं?"

"काय कधी झालं?" नलूताईंनी विचारलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्या शामरावांची पावती करत राहिल्या.

पावती निम्मी झाली आणि पडदा काळा झाला.

नलूताईंनी दोन्ही हात झटकन उचलले आणि पाठीमागे धरले, वर्गात बाईंनी 'हात लावू नका' म्हटल्यावर मुलं धरतात तसे. आणि ह्या अख्ख्या प्रकरणात नलूताई पहिल्यांदाच घाबरल्यासारख्या बोलल्या. "मी काही केलं नाही. बघ ना नील. बांगड्या पण नाहीत."

रेगेसाहेब बाहेर आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी अगदी हळुवारपणे सांगितलं, "नलूताई, राहू दे आता. एक तारखेपासून सलोनी येईल बसायला. तुम्ही आतल्या खोलीत वॉकर वगैरे बघा. तिथे विजेचा प्रश्न नाही."

"बरं," नलूताई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीवरची उशी उचलली, काखेत मारली आणि आत गेल्या.

नीलने त्यांना जाताना पाहिलं. त्याला कानांच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत काहीतरी उकळत गेल्यासारखं झालं. स्वतःच्या हुशारीची एवढी किळस त्याला आजवर आली नव्हती. तो डबा आत्ताच्या आत्ता उघडून तो स्टिकर टराटरा काढावा, असं वाटलं. पण काढायचं ते एका माणसाचं नाव होतं, आणि त्याच्या बायकोसमोर आपणच ते लावलं होतं. निदान विचारायला तरी हवं. तो पोट दुखतंय म्हणून निघाला आणि बस पकडून शीवला गेला. पोट खरंच दुखत होतं.

बसमध्ये त्याने पद्मजाबाईंशी बोलायची वाक्यं तयार केली. पहिल्यात त्या रडत होत्या. दुसऱ्यात त्या देणगी परत मागत होत्या. तिसऱ्यात त्यांना चक्कर आली होती आणि नील केंद्रातून त्यांच्यासाठी शामरावांना घेऊन येत होता.

प्रत्यक्षात त्या दार उघडून म्हणाल्या, "अरे! ये, ये. बस. कसे आहेत आमचे?"

नीलने सगळं सांगितलं. टोपी, मलम, उष्णता, वास. सांगताना तो त्यांच्या टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाकडे बघत होता.

"मग काढ की," पद्मजाबाई म्हणाल्या.

"काढू?"

"त्यात काय विचारायचं? नावापायी यंत्र बंद ठेवतोस की काय? आणि ह्यांचं म्हणशील तर तेही असेच. दुपारी बोलता बोलता बंद व्हायचे. मी समजायचे, झोप लागली." त्यांना हसू आलं. मग त्यांनी नीलकडे नीट पाहिलं. "पण मग तेव्हाच का नाही बोललास? मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मला? मला वर्षभर वाईटच वाटतंय, बाळा. त्यात एक स्टिकर काय भर घालणार होता?"

त्या आत जाऊन लाडू घेऊन आल्या. नीलने तो खाल्ला. पद्मजाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान आपण कशाला भीत होतो ते तरी दिसलं असतं. इथे भिण्यासारखं काही नव्हतंच. एक वाक्य नव्हतं तोंडातून निघालं, आणि त्यासाठी नलूताईंच्या हातातल्या बांगड्या गेल्या.

"काढलास की मला आणून दे हं," दारातून त्या म्हणाल्या. "फेकू नकोस."

सकाळी सगळे आल्यावर, कोणालाही न विचारता, नीलने डबा टेबलावर घेतला. "आता काय?" रेगेसाहेबांनी विचारलं. नीलने पंखा काढला. लाल स्टिकर आकसून तपकिरी झाला होता, कडा वर वळल्या होत्या. नेमकं 'कै.' तेवढं वितळून गेलं होतं. बाकी वसंत त्र्यंबक कर्णिक शाबूत होते. एरवी ह्यावर नीलने आठवडाभर पुरतील एवढे विनोद केले असते.

"हा इथे लावायचा नसतो," तो म्हणाला. "ह्याच्यामुळे तापायचा आणि बंद पडायचा. मीच लावला. लावतानाच मला माहीत होतं."

"म्हणजे नलूताईंचा..."

"काही संबंध नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता."

रेगेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तरीही त्यांना कुठे बघावं ते कळेना. "मी तिकडे हो म्हणून बसलोय," ते पुटपुटले. "सलोनीला."

"नाही म्हणून सांगा," नील म्हणाला. रेगेसाहेबांशी अशा आवाजात तो कधी बोलला नव्हता. रेगेसाहेबांनी मान हलवली आणि फोन घेऊन बाहेर तुळशीपाशी गेले.

आतल्या खोलीच्या दारात नलूताई उभ्या होत्या. हातात एक वॉकर, पुसायला घेतलेला.

"वीज नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"आणि बांगड्यांचं?"

"ते... तोंडाला आलं ते बोललो, ताई."

नलूताईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. काढताना कुठेतरी काच लागली होती, तिथे बारीक खपली धरली होती. नीलला वाटलं, आता त्या रडतील किंवा वॉकर फेकून मारतील. दोन्ही त्याला चाललं असतं.

"मला नको सांगूस हे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना सांग. घरात नवरा जिवंत असताना हात मोकळे केले म्हणून त्या माझ्याशी बोलत नाहीत. मी वीज वीज म्हणून सांगते, तर त्या देवाकडे बघतात. संध्याकाळी ये करी रोडला. तुझ्या तोंडाने सांग."

नीलने स्टिकर सोलून पद्मजाबाईंसाठी कागदात ठेवला, प्रोसेसरची टोपी कापसाने घासून घासून स्वच्छ केली, मलम लावलं, पंखा बसवला, डबा बंद केला. दिवसभर कम्प्युटर चालला. नलूताईंनी मुद्दाम सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या, वर प्रिंटही काढली. तो बंद पडला नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

करी रोडची घाडींची खोली चाळीच्या पहिल्या मजल्यावर, समोरच्या टॉवरमुळे दुपारपासून दिवा लावावा लागणारी. नलूताईंचे यजमान मनू घाडी बनियनवर बसून बातम्या बघत होते, आणि नील आत येताच त्यांनी हात जोडले. "या. मी जिवंत आहे, हे मी आईला कालपासून सांगतोय," ते म्हणाले. "पण माझं कोण ऐकतंय?"

सासूबाई कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. नीलने त्यांना नमस्कार केला. मग तो सांगू लागला. मेंदू, टोपी, मलम. पद्मजाबाई. स्टिकर. म्हातारी पापणी न हलवता ऐकत होती. तिला प्रोसेसर कळला की नाही कोण जाणे. बाकीचं सगळं कळत होतं.

"माजो झील जितो आसा," मुलाकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आणि लोक हिका इचारतत, कधी झाला म्हणान."

"हो, आजी."

"तुज्यामुळे."

"हो."

"मगे तेवाच कित्याक सांगलंस नाय?"

तेव्हाच का नाही सांगितलंस. हा प्रश्न त्याला दोन दिवसांत दुसऱ्यांदा कोणी विचारत होतं. नीलच्या डोक्यात दोन-तीन उत्तरं आली. त्यातलं एक तर फारच चांगलं होतं, मनू घाडी नक्की हसले असते. ते त्याने गिळलं.

"सगळे मला हुशार म्हणत होते, आजी."

"आणि हिका?"

नलूताई स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"त्यांना हसत होते."

"कोणी हसवल्यान?"

"मी."

म्हातारीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी कुकर लावला होता. त्याची शिट्टी झाली तरी तिने नजर काढली नाही. नीलला वाटलं, आपण ह्या खोलीत अजून लहान होत जाणार, आणि शेवटी कॉटच्या पायाशी ठेवलेल्या पानाच्या डब्याएवढे होणार.

"नलू," ती अखेर म्हणाली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने सुनेला हाक मारली असावी, कारण नलूताई दचकून वळल्या. "उद्या बांगडीवालीक बोलव. आणि ह्याका चाय दी. साकर घालू नको."

नलूताईंनी चहा केला. कप नीलच्या हातात देताना त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून कम्प्युटर मीच लावीन, मीच बंद करीन. काही झालं तरी तू हात लावायचा नाहीस. कळलं?"

"हो, ताई."

"आणि कोणी लाजला का विचारलं, तर तू सांगायचंस. काय झालं ते. प्रत्येकाला. इस्त्रीवाल्यालासुद्धा."

"हो."

चहा कडू होता, आणि कप मोठा. म्हातारी बघत होती. नीलने तो शेवटपर्यंत प्याला.